पांढरा रंग मारला की शेड गळत नाही म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरतंय की गोडाऊनच्या पत्र्यावर पांढरा कूल कोट, म्हणजे ऊन परतवणारा रंग, मारला की गळती पण बंद. नाही हो. त्याने आत जरा गार वाटतं हे खरं, पण पाणी शिरतं ते स्क्रूपाशी, पत्र्यांच्या जोडात नाहीतर तुंबलेल्या पन्हळीतून. एखादा जुना स्क्रू नीट बघा, खालचा काळा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकलेला असतो अन् भोवती गंजाची रिंग, त्यावर रंग फासला तरी पत्रा तापतो, गार होतो, हलतो आणि रंग तिथेच फाटतो. वॉशरसकट स्क्रू बदला, भोक मोठं झालं असेल तर जाड स्क्रू टाका, जोडात ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), पन्हळ मे महिन्यातच साफ. आणि उजेडासाठीच्या फायबर शीटवर कुणाला पाय ठेवू देऊ नका, माणूस सरळ खाली जातो.