नेम चुकला? मग पिस्तूल बदला!

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका मध्यम शहराचे पोलीसप्रमुख म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. खुर्ची मऊ आहे, महापौर अजून हसून बोलतात, पोलिसांच्या युनियनचं पहिलं खरमरीत पत्र अजून आलेलं नाही. हे दिवस फार टिकत नसतात. एका संध्याकाळी तुमचे अधिकारी कुठेतरी गोळीबार करतील, त्यातल्या बहुतेक गोळ्या भिंतीत, मोटारीत आणि आकाशात जातील, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकार विचारतील, "आता तुम्ही काय करणार?" उत्तर आजच पाठ करून ठेवा. "खात्याच्या पिस्तुलाचा आम्ही फेरविचार करत आहोत."

या वाक्यानं कुणालाच लागत नाही. प्रशिक्षण कमी पडलं म्हणालात, तर अकादमीचा प्रमुख दुखावतो. डावपेच चुकले म्हणालात, तर सार्जंट वकील गाठतो. पिस्तूल मात्र गप्प राहतं. त्याला युनियन नसते, पेन्शन नसते, आणि चौकशी समितीपुढे ते उलट बोलत नाही.

परंपराही तुमच्या बाजूची आहे. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. प्रत्येक शिपायाच्या खिशात वेगळंच रिव्हॉल्व्हर, ही अनागोंदी त्यांना खपली नाही. १८९६ साली त्यांनी सगळ्यांसाठी कोल्ट कंपनीचं पॉइंट ३२ कॅलिबरचं, म्हणजे साधारण ०.३२ इंच जाडीच्या गोळीचं, एकच रिव्हॉल्व्हर ठरवलं. त्यांच्याकडून एकच आगळीक झाली. शस्त्र देण्याबरोबर ते चालवायला शिकवण्याची सोयही त्यांनी केली. तो भाग तुम्ही सोडून द्या. खर्चिक असतो.

पुढे पॉइंट ३२ कमी पडतं म्हणून पॉइंट ३८ आलं. मग दरोडेखोर मोटारीतून पळायला लागले, तेव्हा पोलादी पत्रा भेदणारी गोळी हवी म्हणून १९३५ मध्ये पॉइंट ३५७ मॅग्नम आलं, आणि त्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन कंपनीनं एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांना नजर केलं. ग्राहक कसा ओळखावा, हे त्या काळच्या विक्रेत्यांकडून शिकावं.

पण हे झालं बालवाङ्मय. तुमचा खरा अभ्यासग्रंथ आहे ११ एप्रिल १९८६ ची मायामीतली सकाळ. एफबीआयच्या एजंटांनी बँका लुटणाऱ्या दोघांची मोटार अडवली. एजंटांकडे मुख्यतः रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं होती, समोरच्या एकाकडे रायफल. मोटारींच्या धडकेत एका एजंटनं सीटवर हाताशी काढून ठेवलेलं रिव्हॉल्व्हरच कुठेतरी उडून गेलं. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. रायफलवाल्याला सुरुवातीलाच नऊ मिलीमीटरची एक गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. शेवटी एका गंभीर जखमी एजंटनं आधी एका हातानं शॉटगन आणि मग रिव्हॉल्व्हर चालवून हा प्रकार संपवला.

आता यातून धडा कोणता काढायचा? रायफलवाल्यांना अडवायला जाताना रायफली न्याव्यात? मोटार कुठे आणि कशी अडवायची याचा सराव करावा? छे! असे धडे काढले तर निविदा कशाच्या काढणार? दोष गेला त्या एका गोळीवर. ती आणखी दोन बोटं आत गेली असती तर, हे "तर" एवढं जड निघालं की सगळ्या देशाचं कॅलिबर त्यानं हलवलं.

एफबीआयनं मग मांसाच्या जागी जिलेटिनचे ठोकळे ठेवून त्यांच्यावर शास्त्रशुद्ध चाचण्या सुरू केल्या. जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, मोटारीची काच, असे अडथळे पार करून गोळीनं किमान बारा इंच आत जायला हवं, असा दंडक झाला. दंडक चांगलाच आहे, आजही चालतो. पण त्याचा एक गुण तुमच्या विशेष उपयोगाचा आहे. जिलेटिनचा ठोकळा पळत नाही, अंधारात उभा राहत नाही, उलट गोळी झाडत नाही, आणि चाचणी करणाऱ्याचे हातही थरथरत नाहीत. खरेदीसाठी मोजमाप करायचं तर असं करावं.

चाचण्यांतून दहा मिलीमीटरचं काडतूस पुढे आलं. ते एवढं दणकट की झाडणाऱ्याच्याच मनगटाची परीक्षा व्हायची. तेव्हा एफबीआयनं त्यातली दारू कमी करून सौम्य आवृत्ती बनवून घेतली. यावर स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांच्या लक्षात आलं की एवढी कमी दारू भरायची तर काडतुसाची लांब पुंगळी हवीच कशाला? त्यांनी ती आखूड केली आणि जानेवारी १९९० मध्ये पॉइंट ४० हे नवं काडतूस बाजारात ठेवलं. क्रम नीट लक्षात घ्या. आधी मोठी गोळी घ्यायची, ती सोसत नाही म्हणून तिचा जोर काढायचा, आणि तो काढलेला जोर नवा शोध म्हणून विकायचा. नव्वदच्या दशकात अमेरिकेतली पोलीस खाती पॉइंट ४० च्या मागे रांगेनं गेली. १९९७ मध्ये खुद्द एफबीआयनंही ग्लॉक कंपनीची पॉइंट ४० पिस्तुलं घेतली. नऊ मिलीमीटरच्या गोळीपेक्षा ही किती जाड? सव्वा मिलीमीटरही नाही.

या गोळीचा झटका मात्र चांगलाच जाणवतो. नवशिक्यांचे आणि लहान हातांच्या अधिकाऱ्यांचे नेम हलले, मूळ नऊ मिलीमीटरसाठी बेतलेल्या पिस्तुलांची झीज वाढली, काडतुसंही महाग पडली. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागानं सविस्तर टिपण लिहिलं. गोळ्यांची बनावट सुधारली आहे, जखमेवरून कॅलिबर ओळखू येत नाही, कमी झटक्याच्या पिस्तुलानं लोक अधिक वेगानं आणि अचूक मारतात, तेव्हा नऊ मिलीमीटरच बरी. २०१६ मध्ये ग्लॉकला नऊ मिलीमीटरच्या पिस्तुलांचं कंत्राट मिळालं आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रांगेनं पुढे गेलेली खाती आता रांगेनं मागे वळली. तुम्ही रांगेत कुठेही उभे असा, "आम्ही एफबीआयच्या शिफारशीनुसार" एवढं म्हणता आलं की पुरे. शिफारस कोणत्या दिशेची होती हे कुणी विचारत नाही.

त्याच टिपणात एक वाक्य आहे, त्याच्यावर जमल्यास चहाचा कप ठेवा. गोळीबाराच्या प्रसंगात पोलिसांच्या सत्तर ते ऐंशी टक्के गोळ्या चुकतात, असं ते वाक्य. रँड या संस्थेनं न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा समोरूनही गोळीबार होत असताना नेम लागण्याचं प्रमाण १८ टक्के निघालं. म्हणजे पाचातल्या चार गोळ्यांच्या बाबतीत कॅलिबरचा प्रश्नच उद्भवत नाही. बरं, सराव वाढवायचा तर काडतुसं लागतात, मैदान लागतं, आणि सगळ्यात महाग म्हणजे अधिकाऱ्याला गस्तीवरून काढून तिथे उभं करावं लागतं. त्यापेक्षा वर्षातून एक-दोनदा कागदी आकृतीवर गोळ्या झाडून घ्या. कागद सहसा नापास करत नाही.

न्यूयॉर्कनं तर कारागिरीची कमाल केली. १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांकडे वळताना मोठी धास्ती होती, की हलक्या चापामुळे चुकून गोळी सुटेल. तेव्हा पिस्तुलाचा चाप जुन्या रिव्हॉल्व्हरएवढा जड करून घेतला, साधारण बारा पौंडांचा. नेहमीचा साडेपाचच्या आसपास असतो. गोळी चुकून सुटणं कमी व्हावं, हा हेतू. बोटानं बारा पौंड ओढताना नळी हलते, तो तपशील. भरीला गोळ्याही अनेक वर्षं जुन्या वळणाच्या, टणक कवचाच्या ठेवल्या, कारण पोकळ टोकाची, शरीरात फुलून तिथेच थांबणारी गोळी ऐकायला क्रूर वाटते. टणक गोळी माणसातून आरपार जाऊन मागच्याला लागते हे पटायला १९९८ उजाडलं. तुमच्याही नगरसभेत कुणीतरी पोकळ टोकाच्या गोळ्यांवर भाषण करील. त्याला अडवू नका, त्या दिवशी बाकीचं अंदाजपत्रक सुखात मंजूर होतं.

आता पैशाचं. नवी पिस्तुलं परवडत नाहीत, असं वित्त अधिकारी म्हणेल. त्याला सांगा, जवळजवळ फुकट आहेत. ही वाट ग्लॉकनं केव्हाच रुळवली आहे. खात्यानं जुनी पिस्तुलं द्यायची, विक्रेत्यानं त्याबदल्यात नवी द्यायची, आणि जुनी पुढे दुकानांतून सामान्य गिऱ्हाइकांना विकायची. १९९४ च्या कायद्यानं दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात सरकवायच्या गोळ्यांच्या पेट्या, नागरिकांना बंद केली, जुनी विकायला मात्र मुभा ठेवली. झालं, पोलिसांच्या कपाटातल्या जुन्या मॅगझिनला सोन्याचा भाव आला आणि कित्येक खात्यांना आपली पिस्तुलं अचानक कालबाह्य वाटू लागली. सध्याचं निमित्त नेम धरायला लाल ठिपका दाखवणाऱ्या काचेचं आहे. ती बसवायला खाच असलेलं पिस्तूल लागतं, आणि ती खाच तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या पिस्तुलाला नेमकी नसते.

जुनी पिस्तुलं वितळवून टाकावीत, असं एखादी भाबडी नगरसेविका सुचवील. तिला हिशेब दाखवा. २०२४ मध्ये काही पत्रकारांनी सरकारी नोंदी मिळवून छापलं, की २००६ पासून सोळा-सतरा वर्षांत गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या शस्त्रांपैकी ५२ हजारांहून अधिक कधीकाळी पोलिसांची होती. काही चोरीला गेलेली, पण पुष्कळशी खात्यांनीच रीतसर विकलेली. तुमच्या खात्याचं एखादं जुनं पॉइंट ४० असं कुठे सापडलं, तर गडबडून जाऊ नका. अनुक्रमांक टिपून घ्या, फाईल मागवा आणि पुढच्या खरेदीच्या प्रस्तावाचं पहिलं वाक्य लिहा: "शहरातल्या गुन्हेगारांच्या हाती आता पोलिसांच्या तोडीची शस्त्रं आली आहेत." पुरावा मागितलाच कुणी, तर तो तुमच्याच स्टॉक रजिस्टरमध्ये मिळेल.