एफ-२००४ 'आपोआप' पळत नव्हती

फेरारीच्या दोन गाड्यांची तुलना करणारी एक लांबलचक पोस्ट सध्या फिरते आहे. तिचा सूर असा: २००२ची एफ-२००२ ही ड्रायव्हरची शेवटची खरी गाडी, मायकेल शूमाकर ती स्वतःच्या हातांनी चालवायचा, २००४ची एफ-२००४ संगणकच चालवायचा, ड्रायव्हर आत नुसता बसलेला. फॉर्म्युला वन नुकतंच बघायला लागलेल्या माझ्या भाच्याने ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली विचारलं, "मामा, म्हणजे शूमाकरचं सातवं विजेतेपद फुकटचंच ना?" फुकटचं नाही रे बाबा. आणि ज्याने हे लिहिलं त्याने दोन्ही वर्षांचे नियम उघडूनही पाहिलेले नाहीत.

संगणकाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळी पोस्ट त्यावर उभी आहे. तो मुद्दा नुसता चूक नाही, नेमका उलटा आहे. या खेळाचे नियम ठरवणाऱ्या एफआयए या संस्थेची तांत्रिक नियमावली सार्वजनिक आहे, कुणीही वाचावी. २००२मध्ये लाँच कंट्रोलला, म्हणजे शर्यतीची सुरुवात सॉफ्टवेअरने करून देण्याला, परवानगी होती. क्लच किती आणि कधी सोडायचा, मागची चाकं किती घसरू द्यायची, हे सगळं सॉफ्टवेअर सांभाळायचं. ड्रायव्हरने बटण दाबून धरायचं आणि लाल दिवे विझले की सोडायचं. गिअर पूर्णपणे आपोआप बदलणंही चालत होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २००२मध्ये दुहेरी टेलिमेट्री होती. गाडी ट्रॅकवर पळत असताना ट्रॅकलगतच्या पिटमध्ये बसलेला इंजिनिअर तिची सेटिंग बदलू शकत होता. ड्रायव्हरने बोट हलवायचीही गरज नव्हती.

ही दुहेरी टेलिमेट्री २००३मध्ये बंद झाली. २००४मध्ये लाँच कंट्रोल गेलं आणि स्वयंचलित गिअरही गेले. म्हणजे एफ-२००४च्या ड्रायव्हरला शर्यत सुरू होताना क्लच स्वतः सोडावा लागायचा आणि प्रत्येक गिअरला स्टिअरिंगमागचं पॅडल स्वतः ओढावं लागायचं. मग जास्त 'हातांनी' कोणती गाडी चालवली गेली?

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे वेग घेताना मागची चाकं घसरू न देणारी यंत्रणा, २००४मध्ये होतं, हे मान्य. पण ते २००१च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून कायदेशीर होतं, म्हणजे एफ-२००२मध्येही होतंच. पोस्टमध्ये हे वाक्य सोयीस्करपणे गाळलेलं आहे.

ज्यांना एफ-२००४मध्ये ड्रायव्हर 'नुसता बसलेला' दिसतो, त्यांनी त्या वर्षीची माग्नी-कूरची फ्रेंच ग्रां प्री बघावी. पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागी, रेनॉचा अलोन्सो, शूमाकर दुसरा. सरळ मार्गाने तो पुढे जात नाही म्हटल्यावर फेरारीने डाव बदलला आणि त्याला चार वेळा पिटमध्ये बोलावलं. चार थांब्यांत थोडंथोडं इंधन भरायचं, म्हणजे टाकी कायम हलकी, पण प्रत्येक थांब्याला वाया गेलेला वेळ ट्रॅकवर भरून काढायचा. ७० लॅपच्या शर्यतीत जवळपास प्रत्येक लॅप क्वालिफायिंगसारखा, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीसारखा पूर्ण जोर लावून, मारायचा. त्याने तो मारला आणि शर्यत जिंकली. हे कुठल्या संगणकाने केलं, ते पोस्टकर्त्याने सांगावं.

बाकीचे मुद्दे पटापट घेतो.

"एफ-२००२ने त्या मोसमात १७पैकी १५ शर्यती जिंकल्या." नाही. १५ शर्यती फेरारीने जिंकल्या. मेलबर्नची पहिली शर्यत शूमाकरने जुन्या एफ-२००१मध्ये जिंकली होती. नवी गाडी ब्राझीलला आली, तीही एकट्या शूमाकरसाठी. एफ-२००२चा पंधरावा विजय पुढच्या वर्षीचा, २००३च्या इमोलाचा.

"एफ-२००२ कधी बंदच पडली नाही." शूमाकरची नाही पडली, तो सतराच्या सतरा शर्यतींत पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता. पण त्याच मोसमात फेरारीचाच दुसरा ड्रायव्हर रुबेन्स बॅरिकेलो बार्सिलोना आणि माग्नी-कूर अशा दोन ठिकाणी शर्यत सुरूच करू शकला नाही. तो जणू दुसऱ्याच कंपनीची गाडी चालवत होता! उलट २००४मध्ये अख्ख्या वीकेंडला एकच इंजिन, बदललं तर ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, दहा जागा मागे, असा नियम आला. त्या नियमातही शूमाकर फक्त मोनॅकोत बाद झाला, आणि तोही बोगद्यात विल्यम्सच्या मोंतोयाशी टक्कर होऊन.

"१४४ गुण आणि १४८ गुण, म्हणजे फरक नाहीच." हे शूमाकरचे २००२ आणि २००४चे गुण, पण मधल्या काळात गुणपद्धत बदलली. दुसऱ्या क्रमांकाला २००२मध्ये सहा गुण होते, २००३पासून आठ. शूमाकरचे २००२चे निकाल, ११ विजय, ५ दुसरे, १ तिसरा, नव्या पद्धतीने मोजले तर १५६ गुण होतात. २००४चे जुन्या पद्धतीने मोजले तर १४२. आणि २००४मध्ये एक शर्यत जास्त होती. हा हिशेब एफ-२००२च्या बाजूने जातो; पोस्टकर्त्याला स्वतःचा चांगला मुद्दाही नीट मांडता आलेला नाही. २००२मध्ये फेरारीचे २२१ गुण होते आणि बाकी सगळ्या संघांचे मिळून २२१. प्रतिस्पर्ध्यांना इतकं मागे टाकणं २००४मध्येही जमलं नाही, हे मी नाइलाजाने का होईना, कबूल करतो.

एफ-२००४ टायरमुळे जिंकली, हा पोस्टचा मुद्दा अर्धा खरा आहे. ब्रिजस्टोन फेरारीला डोळ्यांसमोर ठेवून टायर बनवत होती. २००५मध्ये शर्यतीत टायर बदलायला बंदी आली आणि फेरारीला एकच विजय मिळाला, तोही इंडियानापोलिसचा, जिथे सहाच गाड्या धावल्या. पण हीच ब्रिजस्टोन २००२मध्येही फेरारीबरोबर होती. टायरमुळे एफ-२००४ कमअस्सल ठरत असेल, तर एफ-२००२ही ठरते.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ: बॅरिकेलोला दोन्ही गाड्यांत मिळालेले विजय म्हणे दानात मिळाले. २००२च्या ऑस्ट्रियात काय झालं होतं? पोलवरून सुरुवात करून शर्यतभर पुढे असलेल्या माणसाला शेवटच्या काही मीटरमध्ये वाट सोडायला लावली. विजय त्याच्याकडून घेतला गेला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला शूमाकरने शेवटी वेग कमी केला आणि बॅरिकेलो ०.०११ सेकंदांनी जिंकला; त्या एका विजयाला दान म्हणा हवं तर. पण इटलीतल्या मोंझाचं काय?

मोंझाला तो दोन्ही गाड्यांतून जिंकला, २००२मध्ये आणि २००४मध्ये. ट्रॅक तोच, संघ तोच, ड्रायव्हर तोच. दोन्ही वर्षी शर्यतीतला सर्वांत वेगवान लॅपही त्याचाच. २००२मध्ये १:२३.६५७, २००४मध्ये १:२१.०४६. एका लॅपला अडीच सेकंदांहून जास्त फरक, आणि तोही २००४च्या नियमांनी गाडीला ट्रॅकवर दाबून धरणाऱ्या मागच्या पंखाची पाती दोनवर आणलेली असताना. त्यात टायरच्या दोन वर्षांच्या प्रगतीचा वाटा मोठा आहे, पण गाडीचाही आहे. २००४मध्ये ओल्या ट्रॅकवर तो इंटरमीजिएट, म्हणजे थोड्या ओल्या ट्रॅकसाठीचे, टायर लावून निघाला, ट्रॅक वाळत गेला, पहिल्या काही लॅपमध्येच त्याला पिटमध्ये यावं लागलं आणि तो मागे फेकला गेला. तिथून एकेक गाडी गाठत तो पुढे आला आणि शूमाकरच्या पुढे राहून जिंकला. त्या पाठलागात मारलेला तो लॅप मोंझाचा शर्यतीतला विक्रम म्हणून वीस वर्षांहून अधिक टिकला.