भुऱ्याच्या बट्ट्या

परवा संध्याकाळी ओव्हनमधून ताट बाहेर काढत होते, तेवढ्यात शेजारची जिजी मागच्या दाराने आत आली. ताटात बघून म्हणाली, "आते कुत्रासलेबी बट्ट्या का व माय!" मग एक उचलून चक्क दाताखाली घेतली आणि तोंड वाकडं केलं. "मीठच नही व यामा."

नाहीच आहे. मला आज लिहायचंय ते या न घातलेल्या मिठाबद्दल.

भुऱ्या आमच्याकडे आला तेव्हा तळहाताएवढा होता. आता १५ किलोचा आहे, गावठी कुत्रा, डाव्या कानाला फाट. त्याच्यासाठी वेगळं काही करावं असं मला तीन वर्षं कधी वाटलं नाही. आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हणजे आपलं उरलेलं. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा उरला की त्यात दोन भाकरी कुस्करायच्या आणि ओट्यावर ठेवायच्या. तोही चाटूनपुसून खायचा, डोळ्यांतून पाणी गाळत. आम्ही हसायचो, म्हणायचो, खान्देशी शे ना तो!

गेल्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती. वांगी कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजली, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, घोटली, वरून मूठमूठ कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची. जेवणं झाल्यावर बडजी आणि उरलेलं भरीत भुऱ्यापुढे. तिसऱ्या दिवशी तो उठेना. हिरड्या पांढुरक्या पडलेल्या, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कांदा-लसूण खाल्लाय का?" मी म्हटलं, तो तर रोजच खातो.

तेव्हा कळलं की कांदा, लसूण, पात यांतल्या गंधकाच्या घटकांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलं, भाजलं तरी फरक पडत नाही, आणि लसूण कांद्यापेक्षाही घातक निघतो. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एकदम पोटात गेला तरी धोका. भुऱ्यासाठी ते झाले ७५ ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात, म्हणून कुणी त्याचा संबंध भरिताशी जोडत नाही. उन्हाचं झालं असेल म्हणतात, नजर लागली म्हणतात. भुऱ्या वाचला. मला मात्र बरेच दिवस भरीत गोड लागलं नाही.

त्यानंतर मी भाजायला लागले. इंटरनेटवर बघून सुरुवात केली आणि आठ दिवसांत वैतागले. 'हेल्दी' म्हणून गूळ, मध, ओट्स, वर क्रीमची नक्षी, कुत्र्याच्या डोक्यावर वाढदिवसाची टोपी. गूळ आपल्याला साखरेपेक्षा सात्त्विक वाटतो, कुत्र्याच्या पोटाला दोन्ही साखरच. हे सगळं फोटोसाठी आणि आपल्या जिभेसाठी. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या आपल्यापेक्षा खूपच कमी असतात, त्याचं खाणं मुळात नाकाने ठरतं. त्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय: कुत्र्यासाठी केलेली वस्तू आपल्याला चविष्ट लागली, तर ती चुकलेली आहे. जिजीने तोंड वाकडं केलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

माझ्या बट्ट्या अशा. दोन वाट्या दादरचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचं पीठ, एक वाटी उकडून घोटलेला लाल भोपळा, एक अंडं. बस. मीठ नाही, सोडा नाही, तेल नाही. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून अंडं हवंच, नाहीतर कडा फाटतात. भोपळ्याला पाणी सुटलं असेल तर पीठ थोडं वाढवायचं, हाताला कळतं ते. पेन्सिलीएवढ्या जाडीचं थापून बाटलीच्या झाकणाने गोल पाडायचे, १६० अंशांवर अर्धा तास, आणि मग ओव्हन बंद करून आतच राहू द्यायच्या. ही शेवटची पायरी कुणी सांगत नाही, पण सगळं तिच्यावर आहे. बट्टी कडक वाळली पाहिजे, मोडताना टक् आवाज आला पाहिजे. मध्ये ओल राहिली तर आपल्या पावसाळ्यात चौथ्या दिवशी बुरशी. बुरशी खरवडून द्यायची नाही, टाकून द्यायची. शेंगदाण्याचा कूट घालायचा असेल तर तोही ताज्या दाण्यांचा. खवट, काळपट दाणे 'कुत्र्याला चालतात' म्हणून बाजूला काढायची आपली सवय वाईट. त्यातल्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला आपल्यापेक्षा लवकर भोवतं. बाजारातलं बिनसाखरेचं पीनट बटर असेल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का बघा, साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विष. असेल तर घरातसुद्धा उघडं ठेवू नका.

केळी? जळगाव जिल्ह्यात राहून केळी टाळायची कशी! पिकलेल्या केळ्याच्या दोन चकत्या पिठात चालतात. पण सालं नकोत, आणि मनुका घालून 'शाही' करायचा मोह तर अजिबात नको. मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. चॉकलेटचं बहुतेकांना माहीत आहे, मनुकांचं अजून नाही.

आणि हो, दिवसाला दोन. जेवणाबाहेरच्या खाऊतून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा साधा हिशोब डॉक्टर सांगतात. भुऱ्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात, म्हणजे ८५ खाऊच्या. या बट्ट्या म्हणजे त्याचं जेवण नव्हे. जेवणात त्याला अंडं, मटण, बिनतिखटाचं वरण-भाकर वेगळं मिळतं.

भाकरी कुत्र्याला पचतच नाही, ते मांसाहारी, असं सांगणारे शहरी मित्रही भेटतात. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी बसून बसून हे झालं. आमच्या आजीची शेवटची भाकर कुत्र्याची असायची, ती काही वाया गेली नाही. फक्त ती कोरी असायची. रस्सा आपण नंतर ओतला.

मला तर वाटतं, भाजून देण्यातही नवं काही नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो आणि त्यातला घास कुत्र्यालाही घालतात. रोडगा म्हणजे काय, तर गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा. माझ्या ओव्हनने फक्त राख वाचवली. यंदा चंपाषष्ठीला मी भुऱ्यापुढे रोडगा ठेवणार आहे, भरीत नाही. सासूबाईंना हे पटलेलं नाही. नैवेद्य अर्धा कसा देतात, म्हणतात. म्हटलं, देव समजून घेईल, किडनी-रक्त समजून घेत नाही. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, पण काल भोपळा त्यांनीच उकडून ठेवला होता.

जिजीने उरलेली अर्धी बट्टी घरी नेली. दुपारी विचारलं तर म्हणाली, वरणात बुडवली, वर तूप-मीठ घातलं, मग बरी लागली. रविवारी पुन्हा भाजणार आहे. गल्लीतल्या कुणाला आपल्या कुत्र्यासाठी हव्या असतील तर डबा घेऊन या. वरण घरूनच आणा.