आचाऱ्याचा आचार्य केलात आणि वर म्हणता, चालतं?

"आचार्य कोण गं?" आईने पहिलं पान उघडलं आणि विचारलं. तिथेच माझं डोकं सणकलं.

आचार्य कुणी नाही. आमचे अण्णा आचारी. सांगली-मिरजेकडे चाळीस वर्षं लग्नाचा स्वयंपाक केलेला माणूस. ते गेल्यावर त्यांच्या दहा गोष्टी लिहिल्या, भाचीने शाईने चित्रं काढली, आणि ६४ पानांचं छोटंसं पुस्तक पदरच्या पैशाने छापायला टाकलं. काल संध्याकाळी तीनशे प्रतींचे गठ्ठे घरात आले. सुतळी कापली, वरची प्रत आईच्या हातात दिली. पहिलीच ओळ: 'आचार्यांनी चुलाण पेटवलं.' मी लिहिलं होतं, आचाऱ्यांनी.

रात्री दोन वाजेपर्यंत पेन्सिल घेऊन एकेक पान तपासत बसले. २१७ ठिकाणी. झाऱ्याने बुंदी पाडली, तर छापलंय 'झार्याने'. नवऱ्याकडची माणसं झाली 'नवर्याकडची'. वाढणाऱ्या बायका, दुसऱ्या पंगतीचा मठ्ठा, कोऱ्या धोतरावर सांडलेलं अळूचं फदफदं, सगळ्यांच्या डोक्यावर रफार. कोकणातल्या लग्नाला जाताना ट्रकमधून दऱ्या दिसल्या असं लिहिलंय, तिथे आता 'दर्या दिसल्या' आहे. दऱ्या आणि दर्या! एक डोंगरातली, एक समुद्र. मराठीत या एका आडव्या र वर अख्खा अर्थ फिरतो, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. छापखान्याला सांगता येत नाही.

आणि हे माझ्या फाइलमध्ये नव्हतं. मी स्वच्छ युनिकोडमध्ये मजकूर दिला होता. तीन वेळा प्रूफं पाहिली. तिसरं प्रूफ कागदावर काढून घेतलं, प्रत्येक पानावर सही केली, त्यात एकूण एक ऱ्य जागेवर होता. मग शेवटच्या क्षणी ऑपरेटरला चित्रं थोडी सरकवायची होती. त्याने मजकूर परत ओतला, आपल्या सवयीच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करून. ऱ्य लिहायच्या एका पद्धतीत र आणि हलन्तानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. कन्व्हर्टरने ते गिळलं की र उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे काही आज पहिल्यांदा झालेलं नाही. वर्षानुवर्षं हेच चाललंय. मराठी मजकूर रोज हाताळणाऱ्या माणसाला ते ठाऊक असलंच पाहिजे. आणि नसलं, तर सही केलेला कागद समोर होता ना? एक पान, फक्त एक पान ताडून बघायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं?

सकाळी फोन केला. मालक म्हणाले, "मॅडम, वाचणाऱ्याला कळतं हो. चालतं एवढं."

चालतं.

या एका शब्दाने माझं आयुष्य खाल्लंय. नळ गळतोय, चालतं. ब्लाउजचा खांदा उतरलाय, चालतं. शाळेच्या नोटिशीत चार चुका, चालतं. जो माणूस स्वतःच्या हाताने काम बिघडवतो तोच पुढे होऊन चालतं म्हणतो. ज्याचं बिघडलं त्याला कुणी विचारत नाही. अण्णांच्या तोंडी हा शब्द नव्हता. एकदा जिलबीचं पीठ आंबलं नाही म्हणून पहाटे तीनला त्यांनी अख्खं पातेलं बाजूला केलं आणि स्वतःच्या पैशाने रवा-बेसन आणवून लाडू वळायला बसले. वधूपिता हात जोडून म्हणत होता, राहू द्या, खपून जाईल. अण्णा म्हणाले, पान माझं आहे. ही गोष्ट पुस्तकात पान ३१ वर आहे. त्याच पानावर आचार्य तीनदा आलाय.

तिथलं चित्रही कापलंय. भाचीने अण्णांचा उंच धरलेला हात काढलाय, हातात झारा, झाऱ्यातून पडणारी बुंदी. झाऱ्याच्या भोकांसकट. ते भोक-भोक तिने टाकाने एका रात्री काढलं होतं. कटिंगमध्ये जाईल म्हणून चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं दिलं होतं, त्यावर खुणाही केल्या होत्या. तरी मशीनखाली झारा गेला. आता अण्णा नुसताच हात वर करून उभे आहेत, कुणाला तरी थांबवत असल्यासारखे. भाची सोळा वर्षांची आहे. तिने पुस्तक चाळलं, काही बोलली नाही, परत ठेवलं. मला ते जास्त लागलं.

आणि ल, श! मुखपृष्ठावरचा ल हिंदी वळणाचा, आतला मराठी वळणाचा, एकाच पुस्तकात दोन. २००९ साली राज्य सरकारने शासन निर्णय काढून मराठी वळणाचा ल आणि श कसा असावा ते चित्रासकट दिलंय. ऑपरेटरला म्हटलं, तर म्हणाला, फॉन्टमध्ये असाच येतो. मग दुसरा फॉन्ट घ्या ना! तुम्हाला फक्त पैसे घेता येतात का? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, गल्लोगल्ली फलक लागले. त्या फलकांवरही ल हिंदीच होता, मी स्वतः थांबून पाहिलाय.

छापखान्याच्याही आधी जे भेटले ते आठवलं की अजून चिडचिड होते. एक 'लेखकांसाठी पॅकेज' विकणारी कंपनी. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे म्हणून वेगळे पैसे मागत होती. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो, दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे स्वतः अर्ज करायचा. मी केला, मिळाला. हे सांगितल्यावर समोरची मुलगी म्हणते, "सगळेच आमच्याकडून घेतात, ताई." घेतात कारण त्यांना कुणी सांगत नाही! पहिलंवहिलं पुस्तक काढणारी निवृत्त शिक्षिका, गावाकडचा एखादा शेतकरी कवी, यांना गाठायचं आणि फुकटच्या आकड्याला पैसे लावायचे.

मग दुकानं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात नमुना प्रत घेऊन पाच दुकानांच्या पायऱ्या चढले. दोघांनी प्रत हातातसुद्धा घेतली नाही. एकाने घेतली, उलटी धरली आणि म्हणाला, चाळीस टक्के, दहा प्रती सोडून जा, विकल्या की बघू. कधी बघू, कोण बघू, पावती कुठेय? १५० रुपयांच्या पुस्तकात साठ त्यांचे, कागद-छपाई माझी, आणि उरलेले मागायला मीच सहा महिन्यांनी हात पसरून त्याच पायरीवर उभं राहायचं.

टपालाने पाठवू म्हटलं, तर रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंदच केली. छापील पुस्तकासाठी असलेला तो स्वस्त दर गेला. नंतर २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आली, पण ती सावकाश रस्त्याने जाते. सांगलीला एक प्रत स्पीडपोस्टने पाठवायची तर सत्तर रुपयांच्या आसपास जातात. पुस्तक १५०चं, टपाल सत्तरचं! चार ओळखीच्या वाचनालयांना पाठवायचं ठरवलं होतं, आता कुणी त्या बाजूला जाणारं मिळतंय का ते बघत बसलेय. आणि नातेवाईक. "आमची प्रत राखून ठेव हं." राखून ठेव म्हणजे फुकट दे. अण्णांच्या हातचं जेवून ढेकर दिलेली माणसं आहेत ही. एकाने विचारलं नाही, किती द्यायचे.

पण हे सगळं मी गिळलं असतं. दुकानदार, टपाल, नातेवाईक, सगळं. पुस्तक नीट छापलेलं हातात असतं तर गिळलं असतं. आईने भिंग लावून बोट फिरवत वाचलं असतं आणि एकदाही अडखळली नसती, एवढंच मला हवं होतं.

मालक म्हणतायत, शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू. २१७ चुकांची चिठ्ठी! मग म्हणाले, पुढच्या आवृत्तीत करू. पुढची आवृत्ती कुठून येणार? ही तीनशे प्रतींची रक्कम जमवायला मला दीड वर्ष लागलंय. आणि शेवटी म्हणाले, उरलेले निम्मे पैसे आज पाठवा, हिशोब मिटवू.

नाही पाठवणार. उद्या दहाला छापखान्यात जातेय. सही केलेलं प्रूफ, छापलेली प्रत आणि २१७ खुणा घेऊन. त्या ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार, आणि एकेक ऱ्य जागेवर जाऊन परत फर्मे मशीनवर चढेपर्यंत उठणार नाही. गठ्ठे त्यांचे त्यांनी घेऊन जावेत. त्यातली एकच प्रत मी ठेवलीय. आई ती सोडायला तयार नाही. माझ्या हातातलं पेन मागून घेऊन ती पहिल्या पानापासून आचार्यांवरचे रफार खोडायला बसलीय. आत्ता पान बारावर आहे.