‘डिग्री अप्रेंटिसशिप म्हणजे नऊ हजारांची हमाली’: त्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘पालकांनो, सावधान!’ असा एक मेसेज फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: डिग्री अप्रेंटिसशिपमधून, म्हणजे शिकतानाच काही सत्रं कंपनीत शिकाऊ उमेदवारी करून, मिळणारी पदवी ‘खरी’ नसते, एमपीएससीला चालत नाही; हे आपल्या ‘कमवा व शिका’चंच नवं नाव, कमी मार्कवाल्यांची सोय; जगात कुठे असलं काही नसतं; काम झालं की हाकलून देतात; आणि शेवटी ठळक अक्षरांत, कंपन्यांना नऊ हजारांत हमाल मिळावेत म्हणून काढलेली ही टूम आहे. शेवटचा मुद्दा सोडला तर बाकीच्यांत फारसा दम नाही. शेवटच्यात आहे, फक्त मेसेज लिहिणाऱ्याने बोट भलतीकडे दाखवलंय.

‘पदवी खरी नसते.’

पदवी कंपनी देत नाही, देऊच शकत नाही. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ नुसार तो अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. राज्यसेवेला किंवा यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी लागते. ती घेताना दोन सत्रं वर्गात गेली की चाकणच्या शॉप फ्लोअरवर, हे तिथे कुणी विचारत नाही. मात्र जाहिरातीत विशिष्ट शाखाच मागितली असेल, म्हणजे स्थापत्य अभियंत्याच्या जागेसारखी, तर बी.व्होक. (व्यावसायिक शिक्षणाची पदवी) चालेलच असं गृहीत धरू नका. जाहिरात वाचा.

‘कमवा व शिकाचंच नवं नाव.’

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने पुणे विद्यापीठात चालणारी ती योजना थोर आहे, पण तिचं गणित वेगळं. तिथे मुलगा बागेत किंवा ग्रंथालयात काम करतो आणि त्या पैशावर शिकतो. त्या कामाचे मार्क नसतात. इथे कामच अभ्यासक्रमात बसवलेलं आहे. यूजीसीच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रं शिकाऊ उमेदवारी करता येते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. म्हणजे कारखान्यातल्या तासांनाही मोल आहे, आणि पदवी पूर्ण झाली की एमबीए, एमकॉमची दारं इतरांइतकीच उघडी.

मेसेज आणखी एक घोळ घालतो. पदवीनंतर नॅट्सखाली, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेखाली, वर्षभर केलेली अप्रेंटिसशिप वेगळी. ती डिग्री हातात घेऊन करतात.

‘कमी मार्कवाल्यांची सोय.’

पिंपरीत टेल्को (आजची टाटा मोटर्स) उभी राहिली तेव्हा तिची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षण विभागावर आधी जोर दिला. ‘टेल्कोत अप्रेंटिस लागला’ हे पुढे किती घरांत पेढे वाटून सांगितलं गेलं, ते चिंचवड-निगडीतल्या कुठल्याही साठीच्या काकांना विचारा. त्यांचीच नातवंडं आज तो मेसेज पुढे पाठवतात, ही गंमत आहे.

‘जगात कुठे नसतं.’

जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये १९७४ पासून आहे. स्टुटगार्टमध्ये डाइमलर-बेंझ, बॉश यांनीच ते सुरू करायला लावलं. तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी. २००९ मध्ये त्या संस्थांचं रीतसर ड्युअल विद्यापीठ झालं. मर्सिडीज-बेंझ आणि बॉश यांच्या पाट्या आज चाकण पट्ट्यातही दिसतात. इंग्लंडमध्ये ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ याच नावाने २०१५ पासून आहे.

‘नऊ हजारांत हमाल.’

आता मुख्य दुखणं. नऊ हजार हा आकडा खरा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पदवी शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन ९००० रुपये ठरलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली. किमान म्हणजे किमान. कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही. पण चाकणला कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा लावून नऊ हजारांत महिना काढायचा म्हणजे घरून पैसे मागवणं आलंच. जुन्नर-आंबेगावहून आलेल्या मुलाला ही अडचण पहिल्याच महिन्यात कळते.

शिवाय १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा उमेदवाराला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. म्हणून शोषणाची भीती हवेतली नाही. पण त्याच कायद्यात आहे की शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (हा सरकारी अधिकारी) मंजुरीवाचून ओव्हरटाइम लावता येत नाही, कामावर इजा झाली तर नुकसानभरपाई मिळते आणि करार नोंदवावा लागतो. करारच नोंदला नसेल तर यातलं काही मागायला गेल्यावर हातात कागद काय दाखवणार?

माझ्याकडे विद्यार्थ्यांची लॉगबुकं तपासायला येतात. एकात सलग पानं भरून तेच: ‘५एस केले. मटेरियल शिफ्ट केले.’ म्हणजे आवराआवर आणि माल हलवणं. खाली सुपरवायझरची सही, सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत मारलेल्या. त्याच तुकडीतल्या एका मुलीच्या लॉगबुकात बोअरचं, म्हणजे यंत्रभागातल्या भोकाचं, माप तिसऱ्या शिफ्टमध्येच ठरलेल्या मर्यादेबाहेर का जातं याचा शोध होता: व्हर्नियर सोडून बोअर गेज का घेतला, इन्सर्ट (कापणारं पातं) कधी बदलला, रिजेक्शनची टॅग कुणी लावली. शेवटी लाइन इन्स्पेक्टरने लाल पेनाने लिहिलेलं, ‘सेटरशी बोल.’ आणि यंत्र लावून देणाऱ्या त्या सेटरशी ती बोललेली होती. दोघांचं विद्यावेतन सारखं, पदवीही सारखीच असणार. पहिल्या मुलाचं जे झालं त्याला हमाली हा शब्द मी खुशाल वापरेन. त्यात कंपनीइतकाच दोष कॉलेजचा: तिथला मार्गदर्शक एकदाही गेटपर्यंत गेला नव्हता.

‘नंतर हाकलून देतात.’

नोकरीची हमी कायद्यात नाही, हे खरं. २०१४ च्या दुरुस्तीने कंपनीने भरतीचं स्वतःचं धोरण ठरवावं एवढंच म्हटलंय. ते धोरण आधी मागून घ्या. तशी हमी बीकॉमच्या वर्गात बसणाऱ्यालाही कुणी देत नाही.

फॉरवर्डमध्ये जो मुद्दा असायला हवा होता तोच नाही: फी. इंग्लंडमध्ये विद्यापीठाची फी मालक आणि सरकार भरतं, उमेदवाराला दमडी लागत नाही. आपल्याकडे फी मुलाच्याच घरून जाते. प्रवेशाच्या खिडकीवर म्हणूनच तीन गोष्टी विचारा: करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर कधी नोंदणार, कॉलेजचा मार्गदर्शक कंपनीत किती वेळा जाणार, आणि मूल सहा महिने कंपनीत असताना त्या सत्राची फी किती घेणार. तोंडी उत्तरावर घरी येऊ नका, लेखी मागा.