जर्सीचं शेवटी फडकंच होतं

आमच्या पॅरिशच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले चार दिवस फुटबॉल चाललंय. ग्रुपमध्ये आम्ही वसईची चार घरं, बाकी गोवेकर, मंगळुरी आणि केरळी. एरवी तिथे गुड मॉर्निंगची गुलाबं आणि मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळा. परवा एका गोवेकर अंकलनी विचारलं, नोटर डेम एवढी नावाजलेली कॅथलिक युनिव्हर्सिटी, मग तिच्या फुटबॉल टीमच्या जर्सीवर साधा एक क्रूस का नसावा? मी लिहिलं, "नाही तेच बरं आहे." झालं! "तुला क्रूसाची लाज वाटते का रे?" इथपासून "अमेरिकेत राहून असंच व्हायचं" इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. तिथे भांडत बसण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हे फुटबॉल आपलं नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅडचे डोंगर. शिकागोहून गाडीने दोनेक तासांवर, इंडियाना राज्यात साऊथ बेंड गाव. तिथे 1842 मध्ये होली क्रॉस या धर्मगुरूंच्या संघाच्या फादर सोरिन यांनी ही शाळा काढली. नोटर डेम म्हणजे 'आमची माता', आपली मारियामाता. खेळणारी कॉलेजची पोरं, पण स्टेडियमात बसतात 77 हजारांच्या वर माणसं.

तिथे धर्माची खूण दिसत नाही म्हणणाऱ्याने एकदा जाऊनच यावं. मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर मारियामाता उभी आहे, लांबूनच दिसते. स्टेडियमच्या उत्तरेला लायब्ररीची उंच इमारत, तिच्या भिंतीवर 134 फूट उंचीचं ख्रिस्ताचं चित्र, 1964 मध्ये पूर्ण झालेलं. दोन्ही हात वर केलेले. टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले, की रेफरी अगदी तस्सेच हात वर करतो, म्हणून लोकांनी नाव पाडलं 'टचडाऊन जीझस'. लायब्ररीच्याच बाजूला बायबलमधल्या मोशेचा पुतळा, एक बोट आभाळाकडे. डाऊन म्हणजे या खेळातली चढाईची एक खेप, एक बोट म्हणजे पहिली, म्हणून तो 'फर्स्ट डाऊन मोझेस'. आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईआधी आयरिश सैनिकांना पापक्षमा देणारे फादर कॉर्बी हात उंचावून उभे आहेत. चेंडू झेलणारा खेळाडू 'मला कुणी धडक मारू नका' म्हणून असाच हात वर करतो, म्हणून ते 'फेअर कॅच कॉर्बी'. आपल्याकडे एव्हाना मोर्चा निघाला असता. तिथे टूर गाइडच हसत हसत सांगतो.

आता हेल्मेट. माझा सगळा मुद्दा त्या हेल्मेटात आहे.

बाकीच्या कॉलेजांच्या हेल्मेटवर वाघ, बैल, बाण, अक्षरं असं काय काय असतं. नोटर डेमचं हेल्मेट कोरं, नुसतं सोनेरी. घुमटाला नवा मुलामा चढवताना राहिलेलं सोनं त्या रंगात मिसळलेलं असतं. 2011 पर्यंत मॅनेजर म्हणून काम करणारे विद्यार्थीच ती हेल्मेटं रंगवत. आदल्या मॅचचे ओरखडे, दुसऱ्या टीमच्या हेल्मेटच्या रंगाचे डाग, सगळं साफ करायचं आणि पुन्हा सोनेरी रंग मारायचा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावचा नाक्यावरचा क्रूस आठवला. मे महिन्याच्या तोंडावर आम्ही पोरं त्याला चुना लावायचो, अर्धा क्रूसाला आणि अर्धा एकमेकांना.

म्हणजे बघा, मारियामातेच्या पायाखालचं सोनं ही पोरं डोक्यावर घेऊन खेळतात. याच्यावर आणखी काय छापणार?

मध्ये चार वर्षं, 1959 ते 62, हेल्मेटवर हिरवं शॅमरॉक, म्हणजे आयरिश लोकांचं खुणेचं पान, लावून झालं. ते तीन पानांचं, संत पॅट्रिकनी त्यावरून त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, समजावलं अशी आयरिश लोकांची परंपरा, म्हणजे तशी धार्मिक खूणच. त्या चार वर्षांत टीम 17 जिंकली आणि 23 हरली. मी अंधश्रद्धाळू नाही, फक्त आकडे सांगतोय.

अंकलचं म्हणणं, घुमट आणि सोनं ज्याला ठाऊक त्यालाच कळणार, टीव्हीवर बघणाऱ्याला काय दिसतं? खरंय. पण टीव्हीवर दिसावं म्हणून क्रूस हवा असेल, तर तो टीव्हीवर कुणाशेजारी बसेल तेही बघू या. 2014 पासून ही टीम अंडर आर्मर कंपनीचे कपडे घालते. कॉलेज फुटबॉलच्या नियमात कपडे बनवणाऱ्या कंपनीच्या चिन्हाला सव्वादोन चौरस इंचांची जागा आहे. कंपनी ते चिन्ह इमानेइतबारे छातीवर लावते. त्याच्या बाजूला क्रूस शिवायचा म्हणजे एक शिक्का इकडे, एक तिकडे. आणि एकदा क्रूस मालावरचा शिक्का झाला की तो बाजाराच्या सोयीने निघतोही. आपल्या फुटबॉलमधला स्पेनचा क्लब रेआल माद्रिद, त्याच्या चिन्हात मुकुटावर बारीकसा क्रूस आहे. 2017 मध्ये आखाती देशांत कपडे विकण्याचा करार झाला तेव्हा त्या मालावरून तो क्रूस उडाला. मुकुट राहिला. मला क्लबवर रागवायचं नाही, धंदा आहे. पण नाक्यावरचा क्रूस असा कुणाच्या करारात उडत नाही.

दुसरं, त्या जर्सीत शिरणारी पोरं कोण आहेत? फुटबॉल टीममधले बरेच जण कॅथलिक नसतात. 2012 मध्ये टीमला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता मँटाय टेओ, हवाईचा मॉर्मन, म्हणजे कॅथलिकांहून वेगळ्या पंथाचा, मुलगा. तो तिथे आनंदाने शिकला, खेळला, गाजला. उद्या त्याच्यासारख्याच्या छातीवर आपला क्रूस शिवायचा आणि 'घाल, नाहीतर बस बाकावर' म्हणायचं, हे मला तरी शोभणारं वाटत नाही. वसईत उद्या कुणी शाळेच्या टीमच्या शर्टावर सगळ्यांसाठी दुसऱ्या धर्माची खूण छापली तर आपल्याच ग्रुपवर किती लांब मेसेज येतील, कल्पना करा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच सांगितलं. 2014 मध्ये आर्कन्सॉ स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोरांनी हेल्मेटच्या मागे छोटा क्रूस लावला होता. त्यांचा एक सहकारी खेळाडू आणि टीमचं सामान सांभाळणारा एक जण वारले होते, त्यांच्या आठवणीत. क्रूसावर दोघांची आद्याक्षरं. ती सरकारी युनिव्हर्सिटी, तिथे धर्माची खूण कशी चालेल म्हणून तक्रार झाली, आणि वकिली सल्ला काय आला, तर क्रूसाचा खालचा दांडा कापा, म्हणजे तो अधिकचं चिन्ह होईल. गणितातलं! असला कोडगेपणा फक्त कागदावरच सुचतो. शेवटी ज्याला लावायचाय त्याने स्वतःहून लावावा असं ठरलं. तिथे मी शंभर टक्के पोरांच्या बाजूने. टिम टीबो हा कॉलेज फुटबॉलमधला गाजलेला खेळाडू डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर बायबलचं वचन लिहून खेळायचा, 2010 पासून नियमाने अशा लिखाणावर बंदी आली, तीही मला पटली नाही. आपल्या मित्रासाठी, आपल्या हाताने, आपल्या कपाळावर लावणं वेगळं आणि संस्थेने ऑर्डर देऊन शंभर नग छापून आणणं वेगळं.

नोटर डेममध्ये आपल्या हाताने घेण्याची सोय आहेच. मॅचच्या दिवशी टीमसाठी मिस्सा होते. मध्यंतरी ती आदल्या दिवसावर गेली होती, मार्कस फ्रीमन यांनी हेड कोच झाल्यावर 2022 मध्ये ती परत मॅचच्या दिवशी आणली. ते स्वतः त्याच वर्षी कॅथलिक झाले. मिस्सा संपली की प्रत्येक खेळाडूला एका संताचं छोटं पदक मिळतं, प्रत्येक मॅचला वेगळ्या संताचं. ते कुणाला दिसत नाही. आमची आजी दहावीच्या परीक्षेला मला असंच पाठवायची, बनियनच्या आतून सेफ्टी पिनेने पदक अडकवून. बीजगणिताचा पेपर आला की मी खाजवल्यासारखं करून त्याला हात लावायचो. ते बाहेर शर्टावर असतं तर वर्गाने चिडवलं असतं ते राहू द्या, मीच ते मिरवलं असतं.

आणि ज्यांना वाटतं क्रूस दिसला की आपलं माणूस, त्यांच्यासाठी 1924 चा मे महिना. तेव्हा इंडियाना कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा बालेकिल्ला होता आणि काळ्या लोकांबरोबरच कॅथलिक नि ज्यूही त्यांच्या डोळ्यांत खुपत. क्लानवाले साऊथ बेंडमध्ये मेळाव्याला जमले. युनिव्हर्सिटीची पोरं गावात उतरली, स्टेशनावरच त्यांचे पांढरे झगे खेचले, टोप्या पळवल्या. क्लानच्या कचेरीच्या खिडकीत लाल दिव्यांचा क्रूस लावलेला होता. पोरांनी दुकानातले बटाटे आणले आणि ते दिवे नेम धरून फोडले. त्याच वर्षी टीमने दहाच्या दहा मॅच जिंकल्या. मी ग्रुपवर विचारलं, "अंकल, बटाटे मारून क्रूस फोडणारी ही पोरं कॅथलिक की कॅथलिकविरोधी?" दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.

आता घरचं. 1994 मध्ये आमच्या गावच्या टीमसाठी दुबईच्या एका दादाने पैसे पाठवले. अकरा निळ्या जर्सी आल्या, छातीवर मधोमध वीतभर पांढरा क्रूस. आम्ही आरशासमोरून हलेनात. मे महिन्यातली टुर्नामेंट, कापणी झालेलं शेत, सेमीफायनल शेजारच्या पॅरिशशी. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या स्टॉपरने त्यांच्या पोराची नडगी फोडली आणि पुढची दहा मिनिटं दोन्हीकडच्या आया-बहिणींचा उद्धार झाला. मीही त्यात होतो, छातीवर क्रूस घेऊन. फादर बांधावर उभे होते. ओरडले नाहीत. धोतराच्या सोग्यासारखा झगा हातात गोळा केला आणि ढेकळांतून चालत निघून गेले. पुढच्या वर्षीच्या जर्सीवर फक्त गावाचं नाव होतं. कुणी सांगितलं, कुणी ठरवलं, आम्ही विचारलं नाही.

ती निळी जर्सी पावसाळ्यात काखेत फाटली. आमच्याकडे टी-शर्टाचा प्रवास ठरलेला: आधी बाहेर, मग घरात, मग झोपताना, शेवटी लादीला नाहीतर सायकलच्या चेनला. आई कात्री घेऊन बसली आणि थांबली. क्रूस कापायचा कसा? त्याने लादी पुसायची कशी? कचऱ्यात टाकवेना, जाळवेना. तुमच्यापैकी ज्यांच्या कपाटात गणपती छापलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा साठलाय त्यांना हे समजावून सांगायला नको.

नोटर डेमच्या मॅचनंतर पार्किंगमध्ये फिरा कधी. जर्सीवर मोहरीचा सॉस, बियर सांडलेली, कमरेला बांधलेली, बुडाखाली घेतलेली. गेल्या खेपेला एक गृहस्थ जर्सीची चौपदरी घडी करून तिने तापलेल्या शेगडीचं झाकण उचलत होते. मस्त सॉसेज भाजत होते, आम्हालाही दिलं. त्या घडीवर नुसता नंबर होता, म्हणून मी निवांत खाल्लं.

आईने ती निळी जर्सी धुऊन, इस्त्री करून, पत्र्याच्या पेटीत ठेवली. आई गेली. मागच्या मे महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा वहिनी पेटीपाशी उभी राहून विचारत होती, "भाऊजी, हिचं काय करायचं?" मी म्हटलं, राहू दे.