मालकाचे उत्तर : चौघांचे बाराशे डॉलर आम्ही खाल्लेले नाहीत

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. युगांडातल्या गोरिला सहलीत तुम्हाला आणि वहिनींना जो त्रास झाला त्याबद्दल आधी मनापासून माफी मागतो. एन्टेबे विमानतळावर ताटकळावं लागलं, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठवलं, ब्विंडीच्या जंगलात डबा गार निघाला, रेंजर तुमच्या मेहुण्यांवर ओरडला. यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. पण शेवटी जे लिहिलंत, की गोरिलांचं परमिट ४०० डॉलरला मिळतं, यांनी ७०० लावले, म्हणजे चौघांचे बाराशे डॉलर जास्त घेतले आणि परदेशात आपल्याच माणसाने आपल्याला लुटलं, ते काही केल्या घशाखाली उतरत नाही. म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

४०० डॉलर हा आकडा तुम्ही नेटवर पाहिलात, आणि तो खराच होता. फक्त तुमच्या वेळचा नव्हता. गोरिला पाहण्याचं परमिट युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी देते आणि दरही तीच ठरवते. परदेशी पाहुण्यांना आधी ६०० डॉलर पडायचे, १ जुलै २०२० पासून ७०० झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये कोरोनामुळे विमानतळ बंद, गोरिला ट्रेकिंग बंद. सप्टेंबरात जंगल उघडलं, १ ऑक्टोबरला विमानतळ उघडला, पण येणार कोण? म्हणून अथॉरिटीने १ डिसेंबर २०२० पासून काही महिन्यांपुरती सवलत काढली, तेव्हा हेच परमिट ४०० ला मिळत होतं. त्या जाहिराती नेटवर अजून तशाच लोंबकळताहेत, काढायची तसदी कोणी घेत नाही. तुम्ही आलात नोव्हेंबर २०२१ मध्ये. तोवर सवलत केव्हाच संपली होती आणि मूळ दर लागू होता.

चौघांचे २८०० डॉलर अथॉरिटीकडे भरल्याची पावती मी तुम्हाला तेव्हाच मेल केली होती, आज पुन्हा केली आहे. परमिटमध्ये आम्हाला एक डॉलरही सुटत नाही. आम्ही कमावतो ते गाडीत, लॉजच्या बुकिंगमध्ये आणि धावपळीत. ड्रायव्हरने तुम्हाला सांगितलं की त्याला अडीच लाख शिलिंगात परमिट मिळतं, म्हणजे साधारण ७० डॉलरमध्ये. बरोबर सांगितलं, तेव्हाचा दर तोच होता. तो इथला नागरिक आहे, त्याच्या देशातलं जंगल त्याला स्वस्तात बघायला मिळतं. ताजमहालला आपल्यालाही तसंच मिळतं की!

तासाभराचे ७०० डॉलर जास्त वाटले हे मी समजू शकतो, मलाही पहिल्यांदा वाटले होते. पण एका गोरिला कुटुंबापाशी दिवसात फक्त आठ माणसं सोडतात, तीही एकदाच, तासभर. दर उतरवला की आठाची अठरा करा म्हणून मागणी होणार, आणि मग ना गोरिला उरणार ना आमचा धंदा. शिवाय पाहुणे आले नाहीत म्हणून ट्रॅकर घरी बसत नाही, गोरिला कुठे आहेत हे त्याला रोज बघावंच लागतं. प्रत्येक परमिटमागे १० डॉलर आजूबाजूच्या गावांसाठी ठेवतात, पार्कच्या प्रवेश शुल्कातले २० टक्केही गावांना जातात. ते थांबलं की काय होतं ते २०२० मध्ये दिसलं. पाहुणे बंद, पोर्टरच्या हाताला काम नाही, लोक पुन्हा फासे लावायला रानात शिरले. त्या जूनमध्ये न्कुरिंगो नावाच्या गोरिला कुटुंबाचा म्होरक्या रफिकी भाल्याने मारला गेला. मारणारा लहान जनावरांच्या शिकारीला आला होता. त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. पण रफिकीला बघायला येणाऱ्यांवर कितीतरी घरं चालत होती, त्यांचं काय?

आता मास्कचं. रेंजर ओरडला, फोटो बिघडले, तास पुरा होऊ दिला नाही, असं तुम्ही म्हणता. सर, रिव्ह्यूसोबत तुम्हीच टाकलेला तिसरा फोटो जरा मोठा करून बघा. मेहुण्यांचा मास्क हनुवटीवर आहे, सेल्फी स्टिक पुढे आहे, आणि मागे वेलीला लोंबकळणारं पिल्लू इतकं जवळ आहे की त्याच्या बोटांची नखं मोजता येतात. पूर्वी सात मीटर अंतर चालायचं, कोरोनात ते दहा केलं आणि मास्क सक्तीचा झाला. हे सकाळी हात धुऊन, ताप मोजून झाल्यावर रेंजरने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. गोरिलांना आपली सर्दीसुद्धा भोवते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोरोना झाला, तिथे निदान डॉक्टर हाताशी होते. जगात माउंटन गोरिला उरलेत हजाराच्या थोडे वर, त्यातले साडेचारशेच्या वर ब्विंडीच्या बाजूला. तिथे एक शिंक महागात पडू शकते. रेंजरचा आवाज चढला, तो आमचा नोकर नव्हे, त्याला मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या जागी असतो तर मीही ओरडलो असतो. मेहुणे माणूस म्हणून फार चांगले आहेत, त्यांनी राग मानू नये.

पहाटे उठवलं, कारण तेव्हा संध्याकाळी सातपासून संचारबंदी होती आणि एन्टेबेहून ब्विंडीला नऊ-दहा तास लागतात. विषुववृत्तावर फोटोला अर्धा तास, म्बारारात जेवण, पुढे घाटाचा कच्चा रस्ता. साताच्या आत लॉज गाठायचा तर दुसरा उपाय नव्हता. विमानतळावरची ३० डॉलरची सक्तीची कोरोना तपासणी २७ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाली. तुमचं बुकिंग सप्टेंबरातलं, तेव्हा मी ती कोटेशनमध्ये कशी धरणार? ते पैसे तिथेच काउंटरवर भरलेत, आमच्या हातात नाही. डबा मात्र माझ्या बायकोने आदल्या रात्री उठून केला होता. दशम्या होत्या म्हणून टिकल्या, बटाट्याची भाजी गार झाली हे कबूल. मुलाला वाटेतली रोलेक्स जास्त आवडली, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, त्याने दोन खाल्ली. ते तुम्ही लिहिलं नाहीत. असो.

मी इथे आलो तो साखर कारखान्यात नोकरीला. नोकरी सोडून हा धंदा उभा केला, तो ओळखीवर आणि शब्दावर. लॉकडाउनमध्ये चारपैकी दोन गाड्या विकल्या, पण कोणाचा ॲडव्हान्स बुडवला नाही. ज्यांच्या सहली अडकल्या त्यांना तारखा बदलून दिल्या. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून नाशिकच्या एका ग्रुपने फोन करून विचारलं, "चारशेत मिळतं म्हणे, तुम्ही सातशे का सांगता?" हिशेब समजावला, बघतो म्हणाले, पुन्हा फोन नाही. सीझन तोंडावर आला आहे.

यापुढे कोटेशनमध्ये परमिटची रक्कम वेगळी दाखवू, नवीन नियम आला की व्हॉट्सअॅपवर लगेच कळवण्याचा प्रयत्न करू, गरम डब्यांचंही काहीतरी बघतो. 

दोन स्टार राहू द्यात. पावती उघडून बघा, हवं तर अथॉरिटीच्या कम्पालातल्या ऑफिसात विचारा, आणि खात्री पटली तर ते लुटल्याचं एक वाक्य तेवढं काढून टाका. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
मालक